तळ्यापाशी उभी माणसं

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मधुमेह असून बाहेर खाल्लेली जिलबी मला तिच्यापासून लपवता येत नाही, पण ही लपवली, आणि इतकी नीट लपवली की कधीकधी मलाच वाटतं, असं काही घडलंच नसेल. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? पनवेल तसं काही फार मोठं नाही... बघा, सुरुवात करतो न करतो तोच तुमच्यावरही संशय घेऊन झाला.

माझा स्वभावच तो. पेट्रोल भरताना मी गाडीतून उतरून आकड्याकडे बघत उभा राहतो. फळवाल्यानं वरचा आंबा कापून दाखवला, तर मी खालचा कापायला लावतो. कुणी विनाकारण गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. आणि खरं सांगू? मला या स्वभावाचा अभिमान होता. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं वाटायचं.

मी एक दिवसाच्या सहली नेतो. सकाळी पनवेलहून निघायचं, खोपोलीला वडापाव-चहा, मग पाली. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी सरसगड चढायचा, बाकीच्यांनी देवळात बसायचं. जेवण झालं की उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळ, आणि दिवेलागणीला परत. त्या पाण्याला गंधकाचा वास असतो. पहिल्यांदा येणारे नाक मुरडतात, आणि मग बाहेर निघायला तयार होत नाहीत.

हे काम मी एकट्यानं सुरू केलं नव्हतं. बरोबर एलियास होता. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं एकाच पाळीला, एकाच टेबलाला डबा खाणारे. नोकरी सुटल्यावर दोघांनी मिळून सहली काढल्या. एलियास बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी यहुदी. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, आणि त्याच्या घरचं नारळाच्या रसातलं मटण मी किती वेळा खाल्लं असेल, ते विचारू नका. त्याचे बरेचसे नातेवाईक इस्रायलला गेले, एकुलती मुलगी लग्न होऊन तिकडेच गेली. ती बापाला सारखी बोलवायची. हा जायचा नाही. का जात नाहीस, असं मी कधी विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही हो — तो नुसता बघत राहतो.

कामं आम्ही वाटून घेतली होती. गाडी, जेवण आणि माणसं मोजणं माझ्याकडे. गडावर चढताना मागे राहिलेल्यांना घेऊन येणं आणि कुंडावरची जबाबदारी त्याच्याकडे. बायकांचं कुंड वेगळं आहे. त्या आत गेल्या की एलियास दरवाजाबाहेर, कुंडाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. त्याच्या खांद्यावर बायकांच्या पर्सा लटकलेल्या, हातात कुणाकुणाची मंगळसूत्रं बांधलेली पुरचुंडी. कुणी बाप्या तिकडे वळला तर हा त्याला हातानंच थांबवायचा. शेवटची बाई केस पुसत बाहेर येईपर्यंत त्यानं मान वळवलेली मी पाहिली नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा, कारण मला ते तेव्हाही माहीत होतं.

बायकांचा त्याच्यावर फार विश्वास. फोन केला की पहिला प्रश्न — एलियासभाऊ येणार ना? मी असलो काय नि नसलो काय! जाहिरात माझी, गाडी माझी, उन्हातान्हात हिंडून सोसायट्यांत पत्रकं मी वाटलेली. मी हसून ‘हो हो, येणार’ म्हणायचो. आत काहीतरी कुरतडत असायचं. त्याला आज सरळ नाव देतो — मत्सर.

मग एका हिवाळ्यात, ऐन गर्दीच्या दिवसांत, एलियास म्हणाला, “मला यापुढे शनिवारी जमणार नाही. रविवारी येईन.” का, तर “घरचं आहे रे.” बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, ही शनिवार पाळणारी, त्या दिवशी कामाला हात न लावणारी माणसं, तुला कळायला नको? अहो, पण यानं तो कधी पाळला नव्हता! इतकी वर्षं शनिवारी माझ्याबरोबर गड चढला होता. मी चिडवायचो तेव्हा म्हणायचा, “देवानं मला सूट दिलीय.” मग आता एकदम घरचं काय निघालं? त्यात शनिवारी त्याचा फोन बंद. दिवसभर बंद! धंद्यातला माणूस गर्दीच्या दिवशी फोन बंद ठेवतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, नाही का? मला तर नक्कीच तसं वाटलं. फोन बंद नाही, याचा दुसरा नंबर चालू आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि त्यात आमचा ड्रायव्हर दामू. विचुंब्याचा, मनात काही न ठेवणारा. त्यानं सहज सांगितलं, “तुमचं एलियासभाऊ शनवारी सकालीच तल्यावर उभं व्हतं. संगं पाच-सा मानसा. सगली रस्त्याकडं बगत व्हती.”

आता मला सांगा, सहल नेणाऱ्या माणसाला यातून काय दिसणार? सकाळची वेळ, गावातल्या तळ्याच्या नाक्यावर जमलेली माणसं, घड्याळात बघणारी, रस्त्याकडे डोळे लावलेली. आम्ही रोज हेच तर बघतो — गाडीची वाट बघणारी सहल!  त्या रात्री माझ्या डोक्यात सगळं जुळलं. यानं आपली माणसं फोडली, वेगळी गाडी लावली, शनिवार स्वतःचा केला, आणि रविवारी माझ्याकडे येऊन मित्र म्हणून चहा पितो. जाऊन बघावं, त्याला विचारावं — हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण विचारलं असतं तर कदाचित माझा संशय खोटा ठरला असता — आणि तो इतका छान जुळला होता.

पुढच्या रविवारी परतीच्या वाटेवर मृणाल मॅडम माझ्याशेजारी बसल्या होत्या. नवीन पनवेलमधला त्यांचा महिला मंडळाचा मोठा गट, आमचं अर्धं गिऱ्हाईक त्यांच्याच ओळखीतलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी नवीन मुली येतायत हं. एलियासभाऊच असू देत कुंडावर.”

मागच्या सीटवर एलियास झोपला होता. दिवसभर लोकांना गडावरून उतरवून दमलेला, तोंड थोडं उघडं.

मी म्हणालो, “पुढच्या वेळी कुंडावर बाईमाणूसच ठेवावं म्हणतोय.”

“का हो?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. एक सुस्कारासुद्धा सोडला — हो, तोही सोडला. मग म्हणालो, “काही नाही. जाऊ दे.”

झालं. एवढंच. एकही खोटा शब्द नाही, बघा! आरोप नाही, तक्रार नाही. पुढे बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी कुठे काय बोललो? पण तुम्हीच सांगा, बायकांच्या कुंडावर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल सुस्कारा टाकून ‘जाऊ दे’ म्हटल्यावर ऐकणारीनं काय समजायचं? मला जे हवं होतं तेच मॅडम समजल्या. त्यांनी एकदा मागे वळून झोपलेल्या एलियासकडे बघितलं, आणि मांडीवरची पर्स जवळ ओढून घेतली.

खरा दोष मात्र याच्यानंतरचा आहे. इथवरचं मत्सरात झालं, असं तरी म्हणता येईल. पुढचं कशात झालं?

त्यानंतरच्या शनिवारी माझी गाडी रद्द झाली होती. मी सकाळी तळ्यावर गेलो. रंगेहाथ पकडायचा होता ना! चहाच्या टपरीआड उभा राहिलो. समोर माणसं खरोखरच उभी होती. पांढरे शर्ट, डोक्यावर छोट्या टोप्या, बहुतेक सगळी म्हातारी. सवयीनं मी मोजली. नऊ. सगळी रस्त्याकडे बघत होती. मग लांबून एलियास आला, भराभर चालत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला पाहताच एका म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले, आणि सगळी हसत हसत शेजारच्या गल्लीत शिरली. गाडी नाही, सहल नाही. त्या गल्लीत त्यांचं प्रार्थनाघर आहे. तिथून मी आयुष्यभर येत-जात होतो.

त्यांच्यातला एकजण काठी टेकत मागे राहिला होता. त्याला वाटलं, मला काही हवंय. मी विचारलं, इथे वाट कशाची बघता? तो म्हणाला, “दहा पुरुष झाल्याशिवाय आमची प्रार्थना पुरी होत नाही. आमचे दोघे या वर्षात गेले. आता हा एलियास दहावा. म्हणाला, मी दर शनिवारी येईन, काळजी करू नका.” मग हसला. “मुलगी तिकडे बोलावते त्याला. म्हणतो, मी गेलो तर इथे दहा कसे होणार?”

मी घरी आलो. आता तरी मृणाल मॅडमना फोन करायचा ना? केला नाही. त्यांचाच आला. आमच्या गटाला तो माणूस नको, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही सावध केलंत हे बरं केलंत. इथे एक वाक्य पुरेसं होतं. ‘मॅडम, गैरसमज झालाय, चूक माझी आहे.’ बोलायला किती वेळ लागतो?

मी “बरं” म्हणालो.

गोष्ट वाढत गेली. कुणी म्हणालं, तो दरवाजाच्या फटीतून बघायचा. कुणी म्हणालं, एका मुलीचा हात धरला होता. हे मी सांगितलेलं नव्हतं — पण माझ्या ‘जाऊ दे’मध्ये कुणालाही काहीही भरता येत होतं. त्याच्या बायकोला मासळी बाजारात एका बाईनं तोंडावर ऐकवलं. तिनं त्या दिवसापासून बाजारात जाणं सोडलं.

मग एलियास माझ्याकडे आला. वाळला होता. माझ्या बायकोनं चहा दिला, तो तसाच निवत राहिला. मला वाटलं, याला कळलंय, आता कॉलर धरणार. मी आतून तयारीत होतो. तो म्हणाला, “तुझी सगळ्यांशी ओळख आहे. जरा शोधून काढ ना रे, हे कुणी सुरू केलं. मला त्याला मारायचं नाही, भांडायचंही नाही. फक्त विचारायचंय, मी काय केलं.”

मी म्हणालो, “बघतो.”

आणि त्या क्षणीही माझ्या मनात काय आलं, सांगू? की हा नाटक करतोय. याला ठाऊक आहे, हा माझी परीक्षा बघतोय. जन्मभर ज्या माणसाला कुणावर संशय घेता आला नाही, त्याच्यावर मी माझ्याच घरात, माझ्याच गुन्ह्याबद्दल संशय घेत बसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं मुलीकडे गेली. कायमची. जाण्याआधी तो निरोप घ्यायला आला, मला मिठी मारली. म्हणाला, शनिवारी कधी तळ्यावरून गेलास तर म्हाताऱ्यांची विचारपूस कर. कुणी सुरू केलं ते कळलं का, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही? हा प्रश्न मी रोज उलटसुलट करतो. त्याला कळलं होतं? की अजूनही माझ्यावर विश्वास होता? यातलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

कुंडावर मी खरंच बाईमाणूस ठेवलं. सोसायट्यांमध्ये नाव झालं, की हे लोक बायकांची फार काळजी घेतात. गाड्या भरून जातात. मागच्या महिन्यात एका आजींनी कुंडातून बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या तळव्याला गंधकाचा वास होता. मी वाकून नमस्कार केला.

शनिवारी मी सहल ठेवत नाही. सकाळी तळ्यावरून चालत जातो. ती माणसं उभी असतात. दहाव्याची वाट बघणारा माणूस रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येकाकडे बघतो, तशी ती माझ्याकडे बघतात — लांबून, डोळ्यांवर हात धरून, माझी चाल ओळखेपर्यंत. मग काठीवाला हात वर करतो. मीही करतो. तो विचारतो, एलियासचा काही फोन? मी सांगतो, बरा आहे. जाता जाता सवयीनं माणसं मोजतो. नऊ भरतात.