स्लॅबसाठी घेतलेलं नाव

उखाणा म्हणजे काय, हे माझ्या नोएडाच्या नातीला समजावताना मी घामाघूम झाले. "आजी, नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं ना! यमक कशाला?" तिच्या वयाची असताना हाच प्रश्न मी साऱ्या दिल्लीला विचारत फिरत होते. फरक एवढाच, की तिला खरंच उत्तर हवं असतं आणि मला माझं शहाणपण मिरवायचं असे.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि मी नुकतीच पुरोगामी झालेली. बिनबाह्यांचं ब्लाउज, तोंडात इंग्रजी, नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक. हळदीकुंकवाला गेलेच, तर नाव घेणाऱ्या बायकांकडे प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी बघायचे. तेव्हाची ती मी आज मला भेटले तर तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग दोन शब्द सुनावीन.

तर, दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलच्या उतारावर एक निवृत्त मराठी नर्स राहायच्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कुणीच नसलेली सात-आठ मुलं त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत वाढवली होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला खोल्या परत हव्या झाल्या. त्याचंही काही चुकत नव्हतं. यमुनेपलीकडे, जिथे तेव्हा शेतं आणि सेक्टरांच्या पाट्या एवढंच होतं, सिस्टरांनी फंडाच्या पैशातून जमिनीचा एक तुकडा घेऊन मुलांसाठी भिंती उभ्या केल्या होत्या. पैसे तिथेच संपले. पावसाळ्याआधी वर स्लॅब पडला नाही, तर मुलांना वेगवेगळ्या आश्रमांत वाटून द्यावं लागणार होतं. त्यांत दोन बहिणी होत्या. धाकटी मोठीला सोडून दुकानापर्यंतही जात नसे.

"सिस्टर, पैशाचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं. हे म्हणायला मला काही लागत नसे.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहाचा हॉल मिळवला. ओळखीची मराठी कुटुंबं, यांचे पंजाबी साहेब आणि मेमसाहेब, शिवाय कॅन्टोन्मेंटमधून फौजी बायकांचा एक जथा. त्यांना घेऊन आली होती सिस्टरांच्या ओळखीची, साताऱ्याकडची एक सुभेदारीण. मी रेशमी साडी नेसून इंग्रजीत भाषण केलं. त्यात मानवता होती, राष्ट्र होतं, फक्त ती मुलं तेवढी राहून गेली. बटाटेवडे निवले. टाळ्या छान पडल्या. मग डबा फिरवला, तो वाजतच परत आला. नोटा असत्या तर वाजला नसता.

लोक चपला शोधायला लागले तेवढ्यात सुभेदारीण उठली.

"बाई, भाषण झ्याक झालं. कळलं नाही काही, पण झ्याक झालं. आता नाव घ्या."

"मी नाव-बिव घेत नाही."

"का वं? भांडण झालंय?"

सगळे हसले. माझे कान तापले.

"बरं, पाच रुपये देते. घ्या."

"हा पैशाचा प्रश्न नाही," मी मान ताठ करून म्हटलं.

"मग कशाचा हाय? आत्ता तासभर पैसंच मागत हुता की!"

मागून कोणीतरी ओरडलं, "माझे दहा!" साहेबांनी यांना विचारलं, "ये हो क्या रहा है?" यांनी कानात सांगितलं. "अच्छा! बिल्कुल सुनेंगे! पचास हमारी तरफ से!" मी नाही म्हणायचे आणि आकडा वाढायचा. सुभेदारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अजून जरा नाही म्हणा, भाव चढतोय."

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, मागतही नव्हत्या. मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडून तेवढं धरून बसल्या होत्या. मी उभी राहिले.

"दिल्लीच्या थंडीत पांघरते रजाई," इथवर आले आणि डोकं रिकामं. रजाईला जुळणारं मराठीत काहीच सापडेना. शेवटी जे तोंडात आलं ते फेकलं. आधी यांचं नाव, आणि पुढे, "...राव माझे जावई!" नाव इथे लिहीत नाही. लोकांनी पैसे देऊन ऐकलंय, तुम्हाला फुकट कशाला?

मग मागून यांचा आवाज आला, "अगं, मग माझी बायको कुठाय?"

त्यानंतर हॉल कोणाच्याच ताब्यात राहिला नाही. मी पैसे टाकून यांना नाव घ्यायला लावलं. मेमसाहेबांनी पंजाबीत घेतलं, एका ख्रिस्ती मावशींनी नाताळच्या केकवर. एका उपसचिवांनी नाव घ्यायला लागू नये म्हणून दुप्पट दिले. फौजी बायकांचे उखाणे तर पानभर लांब. मी आयुष्यात पहिल्यांदा ते कान देऊन ऐकले, आणि इतकी वर्षं काय काय हुकवलं, याची हळहळ वाटली.

स्लॅब काही एका संध्याकाळी जमला नाही. पण सुभेदारिणीने तो खेळ कॅन्टोन्मेंटमध्ये नेला, मला कॉलनी-कॉलनीतून बोलावणी आली. "जावईवाल्या बाई आल्या," म्हणत लोक डबा भरायचे. सगळ्यांच्या पाया पडावं असा तो उन्हाळा होता.

पावसाआधी स्लॅब पडला. तो मुरावा म्हणून मिस्त्रीने वर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवलं होतं. सिस्टर बसने मुलांना घर दाखवायला घेऊन आल्या, तर मुलं थेट शिडीवरून वर आणि पाय पाण्यात. मिस्त्री ओरडला. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे भैया, पैर ही तो हैं."

मी सुभेदारिणीचा हात धरून आभार मानायला लागले. "इंग्रजीत नको," ती म्हणाली.

त्या दोघी बहिणीही पाण्यात उभ्या होत्या. धाकटीने मला विचारलं, "आंटी, ये छत हम सबकी है?"

"हो. म्हणजे हां, सबकी."

ती मोठीला तिथेच सोडून, पाणी उडवत, एकटीच पलीकडच्या टोकापर्यंत धावत गेली.