एनिडचा सरळ सूर

त्या बँडचं ते गाणं रेडिओवर लागलं की मधला चेलो ऐकून लोक हळवे होतात. वाजवणारी बाई दुःखात बुडालेली असणार, म्हणतात. कसलं डोंबलाचं दुःख! एनिड टकवेल तेव्हा भीतीने अर्धमेली झाली होती. मी शेजारीच व्हायोला घेऊन बसले होते.

लंडनमध्ये आम्ही रोजंदारीवरचे वादक. स्टुडिओतून बोलावणं आलं की जायचं, समोर ठेवतील ते वाजवायचं. एनिडचं सगळं पोट त्यावरच होतं. त्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरली आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, मनगट मात्र ताठच राहिलं. सूर धरला की बोट हलवून त्याला कंप द्यायचा, हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याशिवाय सूर म्हणजे मीठ विसरलेलं सूप. एनिडला आता तो कंप देता येईना. वादक जमवणाऱ्या लेनी गॅस्किलला हे कळलं असतं, तर त्याने तिला पुन्हा बोलावलंच नसतं. अशातच या गाण्याचं बोलावणं आलं.

"बेरिल, आज मी उघडी पडणार गं," स्टुडिओत बसल्या बसल्या एनिड कुजबुजली.

"गप बस. मी दणकून वाजवते, तू माझ्या आवाजात लप."

हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचा जुना पूर्वज, सुरू झाला आणि आम्ही मनसोक्त सूर झुलवले. वाद्यरचना करणारा केसाळ पोरगा काचेमागून धावत आला.

"अहो, हॉटेलात चहाच्या वेळी वाजवतात तसलं गुळमट काय वाजवताय? दोनशे वर्षांपूर्वीसारखे सरळ सूर हवेत मला. हलवू नका!"

बोटं ऐकतात होय? माझी तर जास्तच थरथरली. वैतागून तो एकेकाला वाजवायला लावू लागला. आता माझा आडोसा काय कामाचा! एनिडने डोळे मिटून गज ओढला. सूर जागच्या जागी सरळ उभा राहिला.

"हेच! कसं जमवलंत?"

"जमवलं कुठे? मनगट मोडलंय. आता एवढंच येतं," एनिड बोलून गेली. लेनी दारातच उभा होता. मला वाटलं, संपलं सगळं.

"मग मधला तुकडा तुम्ही एकट्याच वाजवा," पोरगा म्हणाला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

एनिड चेलो पेटीत ठेवत होती, तेव्हा लेनी जवळ आला. "एनिड, मंगळवारी मोकळी आहेस? आणखी एका बँडला असलंच काहीतरी हवंय."

"बघून सांगते," ती रुबाबात म्हणाली. तो दाराबाहेर गेला मात्र, आणि ही पेटी तशीच टाकून जिन्याकडे धावली.

"लेनी! मोकळी आहे रे! बुधवारीसुद्धा!"