मामीचे ससे आणि माझा मोजा

मामीचं घर पेटवायचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त दुपारी झोपायचं होतं. मामीने मला दिलेल्या खोलीच्या खिडकीबाहेर, कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा बाहेर सोडणारा पाइप भिंतीतून डोकावतो. त्याच्या तोंडावरची झडप वाऱ्याने सारखी टकटक करत होती. मी उठलो, खिडकीतून हात लांबवला आणि पाइपाच्या तोंडात माझा एक जाड लोकरी मोजा कोंबला. टकटक थांबली. स्वतःच्या डोक्यावर खूश होऊन मी ते डोकं उशीवर टेकलं.

गंमत म्हणजे मी तिथे गेलो होतो पहारेकरी म्हणून! मामा गेल्यापासून मामी एकटी राहते आणि मामेभावाचा जीव थाऱ्यावर नसतो. "तू जरा राहून बघ, तिला एकटीला झेपतंय का," तो फोनवर म्हणाला होता. "नसेल झेपत तर घर विकतो आणि तिला इकडे आणतो." मामीला याचा वास लागायला कितीसा वेळ! दार उघडताच म्हणाली, "या, इन्स्पेक्टर. चपला बाहेर काढा."

मामीचा जन्म शिवणकामात गेला. पडदे, अभ्रे, सोफ्याच्या खोळी. हातात कायम सुई आणि दातात दोरा, त्यामुळे तिचं बोलणं दातांतून गाळून येतं आणि टोमणे तेवढे न गाळता. चिंधीसुद्धा तिला टाकवत नाही. गल्लीत मूल जन्मलं की त्याला मामीच्या हातचा कापडी ससा मिळतो, एक कान मुद्दाम वाकडा. सशाच्या पोटात ती काय भरते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

डोळा लागतोय तोच जळका वास आला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत धावलो. मामीने चादरी वाळायला टाकल्या होत्या. मशीनच्या काचेआड लाल उजेड आणि पाठीमागून काळा धूर! मी पाण्याची बादली उचलली. मामीने मागून माझी कॉलर धरली.

"वीज चालू आहे, शहाण्या! आणि ते दार उघडू नकोस, हवा लागेल!"

तिने मेन स्विच पाडला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि मला कॉलरीसकट रस्त्यावर आणून उभं केलं. बंबवाले आले. मशीन गेलं, मागची भिंत गेली, बाकी घर वाचलं.

बंबवाला चिमट्यात काहीतरी धरून बाहेर आला. "हा मोजा कुणाचा?"

मामीने माझ्या पायांकडे पाहिलं. एक पाय उघडा होता.

"कोंडली हवा. मशीन तापत गेलं," तो म्हणाला. मग त्याने अर्धी जळलेली एक उशीची खोळ पुढे केली. आत राखाडी, मऊ काहीतरी. "मशीनमागे होती. हे काय, आजी?"

"लव आहे ती. कपड्यांतून सुटते, मशीनच्या जाळीत साठते. कापसाहून मऊ! टाकायची कशाला? मशीनमागे ठेवली की कोरडी राहते."

बंबवाल्याने चिमूटभर लव पायरीवर ठेवून पेटती काडी जवळ नेली. भक्कन! काडी टेकायच्या आधीच. मामीच्या दातांतला दोरा खाली पडला. इतक्या वर्षांत मी तिला बोलताना अडकलेलं पाहिलं नव्हतं.

"जाळी... जाळी मी प्रत्येक वेळी साफ करते हो."

"करता, आणि मागे साठवता. लव कचऱ्यात टाकायची, आजी. पाइप मोकळा ठेवायचा. आणि मशीन चालू असताना झोपायचं नाही." शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं.

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. "मामी, सशांमध्ये काय भरतेस?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तेच," ती म्हणाली. "आणि तुझ्या उशीतही."

मी नकळत डोकं चाचपलं.

मामी पिशवी घेऊन उठली ती थेट शेजारच्या दारात. "ससा द्या. पोट बदलून आणते." मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली. मी मागून पिशवी धरून चाललो होतो. "तोंडात कान धरून झोपतात रे ही," ती पुटपुटली.

संध्याकाळी मामेभावाचा फोन आला. मी सगळं सांगितलं, मोज्यासकट. मग तो म्हणाला, "फोन तिला दे."

मामी शेजारणीच्या ओसरीवर बसून सशांची पोटं उसवत होती, धुतलेल्या चिंध्या भरत होती. फोन कानाशी धरून म्हणाली, "चूक झाली माझी. लव गेली कचऱ्यात. पण घराबाहेर मी माझ्या पायांनी आले, वर तुझ्या इन्स्पेक्टरलाही आणलं. घर विकायचं नाव काढू नकोस." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. शेवटी एवढं ठरलं की भिंत दुरुस्त होईपर्यंत तरी तिने तिथे एकटं राहायचं नाही. पुढचं पुढे बघू.

मला भरून आलं. म्हटलं, "मामी, तोवर माझ्याकडे चल. सगळी सोय आहे. तुला कशाचा धोका नाही."

तिने सशाच्या पोटावर शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

"तुझ्याकडे? तिथे तू असतोस."