पटावरची एक्केचाळीस

पद्माबाई १९६३ सालच्या जूनमध्ये निगडीच्या पुढच्या एका गावी प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाल्या, तेव्हा शाळेच्या खिडकीतून ज्वारीची शेते आणि त्यांपलीकडे मुंबईचा रस्ता दिसत असे. दहा वर्षांत तीच खिडकी दुसरे काही दाखवू लागली. शेतांचे प्लॉट पडले, पिंपरीकडून कंपन्यांचे भोंगे ऐकू येऊ लागले, आणि बाहत्तरच्या दुष्काळाने घराबाहेर काढलेली मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला, पाया खणायला येऊन पालांत राहिली. त्यांची मुले शाळेच्या पटावर आली.

बाईंचे यजमान श्यामराव पिंपरीच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला जात. घर शाळेपासून दहा मिनिटांवर होते, धाकट्याला सासूबाई सांभाळत. संसाराची घडी अशी बसली होती, आणि ती मोडू नये, यापलीकडे बाईंचे मागणे नव्हते.

१९७३ च्या मार्चमध्ये वरून आदेश आला. राज्यात ठिकठिकाणी चौथीच्या मुलांची एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर चाचणी घ्यायची, शाळेची सरासरी काढायची आणि बीटातल्या, म्हणजे एका तपासणी-अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, सगळ्या शाळांचा तक्ता गावोगावच्या चावडीवर लावायचा. आपली मुले काय शिकतात, ते गावाला कळावे हा हेतू. या बीटात एकोणतीस शाळा होत्या.

हेतू चांगलाच होता. पण साहेब तपासणीला येणार म्हटले की शाळांना एक जुनी सवय होती. कच्च्या मुलांना आदल्या दिवशी सांगायचे, "उद्या तुला सुट्टी," आणि हजेरीपत्रकात गैरहजर मांडायचे. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे. पाहुणे येणार म्हणून फाटकी गोधडी आतल्या खोलीत टाकावी, तितक्या सहजपणे ते होई.

पद्माबाईंनीही तेच केले. तेहतीस मुलांपैकी अकरा जणांना सुट्टी दिली. त्यांत इंद्रायणी नावाची एक मुलगी होती. बीडकडून आलेल्या, खडी फोडणाऱ्या अंबूबाईंची ती लेक. चाचणीच्या दिवशी ती शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, मांडीवर पाटी घेऊन बसून राहिली होती, हे बाईंना दुसऱ्या दिवशी कळले. सांगायला अंबूबाईच आल्या. पापण्यांवर दगडाची भुकटी तशीच होती.

"बाई, येक इचारू का? माझी लेक आजारी न्हवती."

"नव्हती, अंबूबाई."

"मंग बसू का दिलं न्हाई तिला?"

"तिला अजून नीट येत नाही. मार्क कमी पडले असते, तिलाच वाईट वाटलं असतं."

अंबूबाई हसल्या. "आमाला वाईट वाटायची सवय हाय, बाई. पर तिला काय येत न्हाई, ते कुनाला तरी ठावं पायजे का नको? आमचा मुकादम बगा. खडी मोजाया आला की बारका ढीग सोडून जात न्हाई. त्योबी मोजतोच."

बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते बाईंना अधिक लागले. त्या वर्षी शाळेची सरासरी एकाहत्तर आली, बीटात दुसरा नंबर लागला. सरपंच धोंडीबांनी चावडीवर पेढे वाटले. बाईंनी आपला पेढा पदराच्या टोकाला बांधून घरी नेला आणि धाकट्याला दिला.

इंद्रायणी चौथीतच राहिली. पुढचे वर्षभर शाळा सुटल्यावर तासभर बाई पालांतल्या मुलांना घेऊन बसत. ७४ च्या मार्चमध्ये चौथीचा पट एक्केचाळीस होता, त्यांतली चौदा मुले पालांतली. चाचणीच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाला एवढेच सांगितले, "उद्या सगळ्यांनी यायचं." आणि सगळी आली.

गुणांचे पत्रक त्यांनी मुख्याध्यापक उद्धवरावांपुढे ठेवले. उद्धवरावांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते. जाण्यापूर्वी शाळेला आदर्श शाळेचा मान मिळावा ही त्यांची इच्छा सर्वांना ठाऊक होती. नावांवरून बोट फिरवीत ते तळाशी पोचले.

"एक्केचाळीस?"

"हो, गुरुजी."

"सरासरी सत्तेचाळीस. यातली चौदा नावं गाळली तर आपण पुन्हा वर असू. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. पत्रक तुमच्या सहीनं जातं. गाळायची तर तुम्ही गाळू शकता, गुरुजी. मला ते जमणार नाही. खडी फोडणाऱ्या अंबूबाई म्हणतात, त्यांचा मुकादमसुद्धा बारका ढीग सोडून जात नाही."

उद्धवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "बरं, तुम्ही या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी टेबलावर पत्रक नव्हते. काय गेले, कसे गेले, हे विचारण्याचा धीर बाईंना झाला नाही.

तीन आठवड्यांनी तक्ता लागला. बाईंनी गर्दीमागून टाचा उंचावून पाहिले. पंचविसावा नंबर. सरासरी सत्तेचाळीस. म्हणजे एकही नाव गाळले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण धोंडीबांचा आवाज चढला होता.

"बाई, पार अब्रू घालवली की वो गावाची! गेल्या साली दुसरा, आवंदा पंचविसावा. शाळा तीच, मास्तर तेच, मग झालं काय?"

"ध्यान घरात आसंल बाईंचं," कुणीतरी म्हणाले.

"आन धोंडीबा, पेढे कवा वाटताय? आपल्या खाली बी चार शाळा हायती की!"

हशा पिकला. त्या हशाने धोंडीबा अधिकच पेटले. आठवड्याच्या आत बाईंच्या बदलीचा अर्ज लिहून झाला. मागणी वेल्ह्याची होती. तिथे जायचे म्हणजे दोन एस्ट्या आणि वर पायपीट. श्यामरावांची नोकरी इकडे, धाकटा सासूबाईंकडे, आणि बाई डोंगरात एकट्या. अर्ज जिल्हा परिषदेत जाण्यापूर्वी त्यावर मुख्याध्यापकांचा शेरा लागे, म्हणून तो उद्धवरावांकडे आला.

सोमवारी सकाळी उद्धवराव स्वतः चावडीवर गेले. त्यांची शाळा केंद्रशाळा होती. बीटातल्या साऱ्या शाळांची महिन्याची पत्रके त्यांच्याकडे जमा होत, आणि त्यांत प्रत्येक वर्गाचा पट असे. तक्त्याशेजारी सूचनांचा फळा होता. तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि पंचक्रोशीत नावाजलेल्या आपल्या अक्षरात तीन रकाने आखले. शाळा, पटावर, परीक्षेला. पहिल्या नंबरच्या शाळेपुढे लिहिले, छत्तीस आणि पंधरा. दुसरीपुढे चाळीस आणि एकोणीस. असे करीत ते पंचविसाव्या ओळीवर आले. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस. उरलेल्या चार शाळा लिहून झाल्यावर त्यांनी तळाशी आणखी एक ओळ घातली: आपली शाळा, गेल्या वर्षी, तेहतीस आणि बावीस.

बाई मुलांना प्रार्थनेला उभे करून धावत आल्या होत्या. धोंडीबा आधीपासूनच कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हंजी पहिल्या नंबरवाल्यांनी एकवीस पोरं घरी बशिवली व्हय?"

"हो."

"आन आपुन?"

"यंदा एकही नाही."

धोंडीबा फळ्याच्या आणखी जवळ गेले. मग खालच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "पर मास्तर, ह्ये शेवटचं कशापायी लिवलं? पुसा त्ये. गेल्या सालचे पेढे पचले आता."

"मला पचले नाहीत, म्हणून तर लिहिलं," उद्धवराव म्हणाले. मग त्यांनी खिशातून बदलीचा अर्ज काढला. "शेरा लिहिलाय. वाचून घ्या, मग पाठवा."

धोंडीबांनी मोठ्याने, अक्षरे लावीत वाचले: "शिक्षिकेने पटावरची सर्व मुले परीक्षेस बसविली. हा दोष असल्यास तो माझ्या सहीने झाला आहे. बदली करणे झाल्यास प्रथम माझी करावी."

अर्जाची घडी धोंडीबांच्या कोपरीच्या खिशात गेली ती गेलीच. "चला, कामं हायती," एवढे म्हणून ते निघाले.

आदर्श शाळेचा मान उद्धवरावांना मिळाला नाही. पुढच्या वर्षी बीटाच्या तक्त्यात पटाचा रकाना मात्र साहेबांनीच घातला. शाल आणि नारळ घेऊन उद्धवराव निवृत्त झाले, त्या दिवशी बाईंनी बऱ्याच दिवसांचे मनातले बोलायला सुरुवात केली, तर ते मध्येच म्हणाले, "आभार त्या खडीवाल्या बाईंचे माना. मी नुसती सही केली." १९८१ साली बाई त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. फळ्यावर पट लिहिताना त्या अजूनही उद्धवरावांसारखा 'प' काढायचा प्रयत्न करीत, आणि तो जमत नसे.

अंबूबाईंचे आभार त्यांनी तेव्हाच, फळा लिहिला गेला त्या सोमवारीच मानले होते. शाळा सुटल्यावर मायलेकी गुण विचारायला दाराशी आल्या होत्या.

"एकतीस पडले हिला, अंबूबाई. शंभरातले."

"म्हंजी अजून किती ऱ्हायले?"

बाई सांगणार, तोच इंद्रायणीने वर आढ्याकडे पाहिले, ओठ हलवले. हातच्याची वजाबाकी तिला चाचणीत एकदाही साधली नव्हती.

"एकोणसत्तर," ती म्हणाली.

"बरोबर?" अंबूबाईंनी बाईंना विचारले.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. मग अंबूबाईंचे दोन्ही खरखरीत हात हातात घेतले.

"आवो बाई, रडताय कशापायी?" अंबूबाई म्हणाल्या. "येवढं काय जास्त न्हाई ऱ्हायलं."