शकूनानींचा उडाणबुवा

देवाला आंघोळ घालता घालता शकूनानी मारामारी सांगत. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने भैरोबाच्या मुखवट्यावरचा कालचा शेंदूर चोळून काढायचा, आणि समोरच्या कोनाड्यात तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनकडे तोंड करून बोलायचं. "मग त्यानं राक्षसाला असा धरला आन् असा आपटला, म्हंजी धरणाची भितच हादरली. सरक गं भवाने. आन् मग त्यो म्हनला..." यातलं 'सरक गं भवाने' हे गाभाऱ्यात शिरलेल्या मांजरीला असे. फोनला ते कळत नसे. बोललेलं सगळं तो इमानेइतबारे लिहून घेई. आरतीच्या आधी भाग संपे आणि नानी तो तसाच्या तसा जगासमोर सोडून देत. परत वाचून बघायची पद्धत नव्हती. "एकदा वाहिलेलं फूल परत हुंगत्यात व्हय?" असं त्या विचारत.

इनामगावच्या अलीकडे, घोडनदीच्या काठावर भैरवनाथाचं एक बुटकं देऊळ आहे. शकूनानी तिथल्या गुरवीण. नवरा वारल्यावर पूजा त्यांनी कुणाला न विचारता चालू ठेवली आणि गावानेही कुणी विचारलं नाही म्हणून चालू दिली. त्यांच्या गोष्टींचा नायक मात्र परदेशी होता. हिंदीत डब झालेल्या सिनेमातला, अंगाला घट्ट कपडे घालून आभाळातून उडणारा, एका हाताने बस उचलणारा. त्याचं खरं नाव इथे सांगत नाही. त्याच्या मालकांकडे वकील पुष्कळ असावेत. नानी त्याला 'उडाणबुवा' म्हणत. मोबाईलवर मराठी गोष्टींचं एक ॲप आहे. तिथे अशा परक्या नायकांच्या आपापल्या गोष्टी लिहिणारे ढिगाने आहेत. त्याला फॅन फिक्शन म्हणतात हे नानींना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि सांगितल्यावरही त्यांनी ते लक्षात ठेवलं नाही.

मी दौंडला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. चोरून मीही तिथे लिहीत असे. माझा नायक दर गोष्टीत डोंगरावर हात पसरून मरायचा आणि तिसऱ्या दिवशी पाठीमागून प्रकाश वगैरे येऊन उठायचा. मला अकरा वाचक होते, त्यातली एक सख्खी बहीण. आणि 'भैरू' या नावाने लिहिणाऱ्या कुणाच्या तरी गोष्टींवर मात्र लोकांच्या उड्या पडत होत्या. मला वाटलं, हा पुण्यातला इंजिनिअरिंगचा पोरगा असणार, फार वाचलेला. कारण त्याच्या गोष्टींत ऐन मारामारीत अचानक घंटा वाजे. मध्येच एखादा मंत्र येई. आणि दर दोन वाक्यांना 'मंजू' नावाची एक बाई येऊन काही न करता निघून जाई. "त्याने बस उचलली मंजू बसमधली माणसं पण उचलली." मी भारावले. फोनचे चार पडदे भरतील एवढा अभिप्राय लिहिला. घंटा म्हणजे नायकाच्या विवेकाची हाक, मंत्र म्हणजे त्याच्यातल्या देवत्वाचा अंतःस्वर, आणि सतत असूनही न दिसणारी मंजू म्हणजे साक्षात आदिशक्ती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बाई घंटा मीच वाजवली इनामगावाजवळच्या भैरोबाच्या देवळात आरतीची येळ झाल्ती. मंजू कोन त्ये मलाबी ठावं न्हाई. तुमाला घावली तर सांगा."

त्या रविवारी मी स्कूटी काढली आणि विचारत विचारत देवळापाशी पोचले. साठी ओलांडलेली, काळीसावळी, नऊवारीतली एक बाई पायरीवर नारळ सोलत होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी नाव सांगितलं.

"त्या चार पानी बाई तुम्हीच व्हय?" त्या म्हणाल्या. "बसा. आधी हात धुवा. खोबरं करायचंय."

खोबऱ्याचे तुकडे करता करता मंजूचा उलगडा झाला. नानींच्या तोंडी दर वाक्याला 'म्हंजी'. फोन त्याचं 'मंजू' करायचा. माझी आदिशक्ती एका मिनिटात नाहीशी झाली. मी म्हटलं, "मग आता ती काढून टाका."

"का म्हून? लोकं इचारत्यात तिला. एक बाई तर लिव्हती, संकटात मंजूचं नाव घेतलं की बरं वाटतं. एवढी मानत्यात तर असंलच कुठंतरी."

आणि पुढच्या भागात त्यांनी मंजूला रीतसर आणलं. उडाणबुवाला डबा देणारी बाई म्हणून. देव कसे तयार होतात यावर मी विद्यापीठात एक अख्खा पेपर दिला होता, तरी माझ्या डोळ्यांदेखत एक तयार झाला तेव्हा मी खोबरं खात होते.

मग मी दर दोन-तीन रविवारी जाऊ लागले. आमचं एका मुद्द्यावर कधीच जमलं नाही. माझं म्हणणं, उडाणबुवा एकदा तरी मरायला हवा. जगाचं पाप अंगावर घ्यायला हवं, मग परत यायला हवा. मोठे लेखक असंच करतात. नानी म्हणाल्या, "त्यो परत आला, तर दहाव्याला जेवून गेलेल्यांनी काय करायचं? आन् बाई, मरून दाखवायचं ह्यात काय मोठं? गावात रोज कोन ना कोन मरतंय. जगून दाखव म्हणावं, गुडघं दुखत असताना."

बिडीचं प्रकरण झालं ते त्यानंतर. एका भागात उडाणबुवा भैरोबाला भेटायला येतो आणि दोघे दीपमाळेच्या पायरीवर बसून बिडी ओढतात. उडाणबुवाला ठसका लागतो. हे देवस्थान कमिटीच्या कानावर गेलं. कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांना देवळाला फरशी बसवायची होती आणि सोवळं नेसणारा, वेळापत्रकाप्रमाणे अभिषेक करणारा पुजारी पुण्याहून आणायचा होता. नानींना काढायला कारण सापडत नव्हतं. ते उडाणबुवाने पुरवलं.

सभामंडपात बैठक बसली. नानींनी मला बोलावलं नव्हतं, मीच गेले. बापूसाहेब म्हणाले, "नानी, आमच्या भावना दुखावल्यात."

"कुठं दुखतंय?" नानींनी काळजीने विचारलं.

मंडप हसला. बापूसाहेब लाल झाले. "चेष्टा न्हाई ही. देवाला राग यील अशानं. एक तर लिवणं बंद करा, न्हाईतर पूजा सोडा."

"बापूसाहेब, देवाला राग आला असंल तर देव बोलंल. रोज सकाळी भेट हाय आमची. तुम्हाला आला असंल तर तुम्ही बोला. पर एकामेकाच्या नावावर बोलू नका."

मला राहवेना. मी उठले आणि लोकदैवतांच्या मानुषीकरणाची परंपरा यावर बोलू लागले. मागून कुणीतरी विचारलं, "ह्या कोन?" "दौंडच्या." "मग बसू द्या त्यांना." नानीही हळूच म्हणाल्या, "बाई, बसा. तुमच्यामुळं मला खरंच काढत्याल."

मग तात्याबा खाकरले. हे धनगरवाड्यातले सगळ्यांत म्हातारे. "माझा आजा भैरोबाम्होरं चिलीम ठिवायचा. तवा देव बाटला न्हाई, आन् आता बिडीनं बाटला? आन् लिवलंय तरी काय? आधी वाचा की कुनीतरी."

पुरावा म्हणून बापूसाहेबांच्याच फोनवर ती गोष्ट होती. तेच वाचू लागले, दरडावणीच्या आवाजात. उडाणबुवा भैरोबाला सांगत होता, की देवा, लोक आता मला नवस बोलायला लागलेत. मी बस उचलतो, रेल्वे अडवतो, पण यांचं मला काही जमत नाही. कुणाला बोअरला पाणी पाहिजे. कुणाचा पोरगा कंपनीत पर्मनंट व्हायला पाहिजे. कुणाची सून नांदायला आली पाहिजे. मंडपात लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्याचा त्याचा नवस ज्याला त्याला ओळखू येत होता. गाभाऱ्यात तो हळू आवाजात बोलताना शेजारी नानीच तर उभ्या असत. "आणि एक जण," बापूसाहेब वाचत होते, "दर पाच वर्षांनी येतो, त्याला नुसतं..." ते थांबले.

"वाचा की," तात्याबा म्हणाले.

"...निवडून यायचंय," बापूसाहेबांनी कसंबसं पुरं केलं. आता हसताना कुणाचाच मुलाहिजा कुणी ठेवला नाही. पण पुढचं वाचायलाच हवं होतं, आणि तिथे त्यांचा आवाज आपोआप उतरला. भैरोबा बिडी विझवून म्हणतो, "मी तरी काय करतो रे? ऐकून घेतो. पाणी लागो न लागो, माणूस हलका होऊन घरी जातो. तू ऐकायच्या आधीच उडतोस, तिथं चुकतं तुझं."

मग तडजोड निघाली, की नानींनी आत जाऊन देवाची माफी मागावी आणि विषय संपवावा. नानी उठल्या. गाभाऱ्यात गेल्या, दार लोटून घेतलं. आम्ही सगळे बाहेर ताटकळत. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"मागितली," नानी म्हणाल्या.

"मग?" बापूसाहेबांच्या तोंडून गेलंच.

"म्हनला, त्ये जाऊ दे. फुडं काय हुतंय?"

अशा गोष्टी जिंकून संपत नाहीत. गाव हसलं, पण कमिटी विसरली नाही. वर्षभराने फरशी आली आणि मागोमाग पुण्याचा पुजारीही. नानींचे गुडघे तोवर पार गेले होते, त्यामुळे भांडायलाही निमित्त उरलं नाही. नानींनी किल्ल्या दिल्या तेव्हा मी तिथेच होते. त्या नव्या पुजाऱ्याला एवढंच म्हणाल्या, "थंडीत पाणी तापवून घेऊ नका. त्याला गारच लागतं." मग मागे न बघता रिक्षात बसल्या.

लेकीकडे, भांडगावला गेल्या. लेक सुनंदा, जावई, हमरस्त्याच्या अलीकडे दोन खोल्या, मागे उसाचं रान. मी भेटायला गेले तर नानी खाटेवर बसून होत्या आणि फोन उशाला बंद करून ठेवलेला. दोन महिने उडाणबुवा जागचा हलला नव्हता.

"सुचत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्होरं कोन बसल्यालं नसलं की बोलायचं कुनाला?"

"मी बसते की समोर."

"तुम्ही मधीमधी बोलता. त्यो बोलत न्हाई."

मी गप्प बसायचं शिकले, हे नानींनी माझ्यावर केलेले उपकार. समोर बसायचं, बोलायचं नाही. माझ्या कॉलेजातल्या मुलांनाही हा बदल जाणवला असावा, कारण ती मला काहीबाही सांगू लागली. नानींनी त्या खाटेवरून आणखी तीन भाग सांगितले. सुनंदाने त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. आईला म्हातारपणी खूळ लागलंय, असं ती मला चहा देताना कुजबुजून सांगे. पोथ्या वाचायच्या वयात आईने अंगाला घट्ट कपडे घातलेल्या परक्या माणसाचा नाद धरावा, याची तिला लाज वाटे. शेवटचा भाग त्यांच्या फोनमध्येच राहिला, जगासमोर सोडायचा राहून गेला. एका दुपारी चहा पिऊन नानी आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत.

दहावा घोडनदीच्या घाटावर, नानींच्या गावातच केला. पिंड ठेवला आणि आम्ही लांब सरकून उभे राहिलो. कावळे बाभळीवर होते, पण खाली एकही उतरेना. मग सुरू झालं. जावई म्हणाला, सुनंदाला सांभाळीन. सुनंदा म्हणाली, तुझं श्राद्ध चुकवणार नाही. बापूसाहेब आले होते. ते हात जोडून म्हणाले, फरशीवर तुमचं नाव घालतो. कावळा नाही. उन्हं चढली. कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं म्हणू लागलं.

सुनंदा रडवेली होऊन माझ्याकडे आली. "म्याडम, काय ऱ्हायलं असंल वो तिचं? ती लिवायची तरी काय?"

तिनेच माझ्याकडे ठेवायला दिलेला नानींचा फोन मी काढला आणि तो शेवटचा भाग वाचू लागले. उडाणबुवा एका घरात शिरतो. आत एक माणूस वर्षभर अंथरुणाला खिळलेला. त्याला उचलून न्यावं असं कुठलं ठिकाण नाही, मारावं असा राक्षस नाही. तो माणूस म्हणतो, टीव्ही लाव. मग उडाणबुवा टीव्ही लावतो आणि खाली बसतो. दुपारभर दोघे मिळून कुठलासा मारामारीचा सिनेमा बघतात. तो माणूस हसला की उडाणबुवा त्याची लाळ पुसतो.

"आप्पा हायेत हे," सुनंदा म्हणाली. "माझं वडील. आप्पाच हायेत. रोज दुपारी त्याच घट्ट कपड्यावाल्याचा सिनेमा लावायला लावायचे. आई कामं टाकून बसायची." तिने माझा हात धरला. जावई जवळ आला. बापूसाहेबही कान देऊन उभे राहिले. मी वाचत राहिले.

मागून कुणीतरी ओरडलं, "शिवला! कावळा शिवला!"

सुनंदाने मान वर केली नाही. "शिवू द्या," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."