कपाटातलं नेट

१४ जूनला एकोणीस हजार सातशे चाळीस रुपयांचे तीन अॅक्सेस पॉइंट लॉजवर आले, आणि कुलूपमामांनी पहिलं काम काय केलं, तर ते लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मामांचं सारं आयुष्य असंच कुलपात गेलं होतं. ते एका इस्पितळात स्टोअरकीपर होते. वीज गेली तर हाताशी असाव्यात म्हणून आणलेल्या विजेऱ्या त्यांनी कुलपात ठेवल्या. वीज गेली तेव्हा मामा रजेवर होते आणि किल्ली त्यांच्या खिशात. परत आल्यावर लाजायचं सोडून म्हणाले, "बघा, एकही गहाळ नाही!" अशा माणसाला निरोप देताना इस्पितळाने नारळच काय, नवं कुलूपही दिलं असतं.

निवृत्त झाल्यावर ते भाचीच्या लॉजवर मदतीला आले. म्हणजे तिला मदत हवी होती असं नाही. मामांना कपाट हवं होतं. आल्या आल्या साबणाच्या वड्या आत गेल्या. पाहुण्याने वडी मागितली की मामा म्हणायचे, "आधीची संपली ते दाखवा."

लॉज तीन मजली. खाली काउंटर, वर प्रत्येक मजल्यावर चार खोल्या. एका कंपनीला तिच्या शिकाऊ लोकांसाठी बाराही खोल्या वर्षभर हव्या होत्या. अट एकच, प्रत्येक खोलीत नेट चाललं पाहिजे. सोमवारी कंपनीची बाई तपासायला येणार होती. काम मिळालं तर लॉज तरणार होतं; नाहीतर भाचीला जागा मालकाच्या ताब्यात देऊन मोकळं व्हावं लागणार होतं.

अॅक्सेस पॉइंटचे डबे बसवायला वायरमन आला तेव्हा भाची चादरी आणायला धोब्याकडे गेली होती. मामांनी सूत्रं हाती घेतली.

"मामा, बाहेरचं नेट ज्या डब्यात येतं तो राउटर," वायरमनने काउंटरकडे बोट दाखवलं. "त्याची पोच या खोलीपुरती. म्हणून त्याच्यापासून वायर ओढून प्रत्येक मजल्यावर एक अॅक्सेस पॉइंट लावायचा. वायरीतून आलेलं नेट तो आजूबाजूला हवेत सोडतो. फोनला तेच मिळतं."

"समजलं. राउटर म्हणजे मुख्य भांडार. हे तीन म्हणजे वाटपाचे काउंटर."

"वा! बरोबर ओळखलंत."

"मग ते असे उघड्यावर, छताला कशाला? कुणी उचलून नेले म्हणजे? या कपाटात लाव. तिघं एकत्र असले की जोरही तिप्पट."

"लोखंडातून लहरी जात नाहीत हो मामा."

"इस्पितळात एक्स-रेच्या पेट्या मी सांभाळल्यात. मला लहरी शिकवू नकोस!"

वायरमन काही मोठा तत्त्वाचा माणूस नव्हता. वर तीन मजले चढायचे वाचले म्हणून तो मनातून खूशच झाला. "कपाट तुमचं, डबे तुमचे," म्हणत त्याने कपाटाच्या पाठीला भोक पाडलं, वायरी आत घातल्या आणि चालू पडला. आत हिरवे दिवे लुकलुकले. मामांनी कुलूप लावलं आणि सवयीने दोनदा ओढून पाहिलं. वाटपाचे तिन्ही काउंटर भांडाराच्या पोटातच उघडणारा असा व्यवस्थापक शोधूनही सापडला नसता.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "मामा, झालं का बसवून?"

"एकदम पक्कं. कुणाची बिशाद नाही हात लावायची."

तिने काउंटरपाशी फोन पाहिला. राउटर शेजारीच, त्यामुळे नेट घोड्यासारखं धावत होतं. ती निर्धास्त झाली. वर जाऊन पाहिलं नाही, तिचंही चुकलंच.

सोमवारी कंपनीची बाई फोन हातात धरून थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. "इथे तर काहीच नाही."

"खिडकी लावून घ्या ताई," मामा म्हणाले. "नेट बाहेर जात असेल."

दुसऱ्या मजल्यावर तेच, पहिल्यावरही तेच. भाचीने जिन्यात मामांना गाठलं. "मामा, डबे कुठे आहेत?"

"कपाटात."

"कपाटात? किल्ली द्या!"

"परक्या माणसासमोर भांडार उघडायचं नसतं, बाळ." मामांनी खिशावर हात ठेवला. "शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

भाचीने खाली जाऊन काउंटरखालचा हातोडा काढला.

"अगं, सात लिव्हरचं कुलूप आहे ते!" मामा मागून ओरडले.

कुलूप टिकलं, कोयंडा तुटला. तिने तिन्ही डबे बाहेर ओढले. वायरी आखूड, त्यामुळे ते कपाटाच्या डोक्यापर्यंतच पोचले. बाईने पुन्हा जिना चढून पाहिलं. पहिल्या मजल्यावर नेट मिळत होतं, त्याच्या वर नाही.

"उद्या छताला लावून घेते," भाची म्हणाली. "एक दिवस द्या."

"माणसं आज संध्याकाळी येताहेत. पहिल्या मजल्याच्या चार खोल्या घेते. आठ जण समोरच्या लॉजमध्ये जातील."

डबे आता मजल्यामजल्यावर छताला आहेत आणि बाराही खोल्यांत नेट आहे. माणसं चारच खोल्यांत आहेत. त्यांच्या पैशांत जागेचं भाडं भागतं, भाचीच्या हाती काही उरत नाही. मामा पहिल्या मजल्यावर डब्याखाली खुर्ची टाकून राखण करतात आणि जिना चढणाऱ्याला थांबवून सांगतात, "कुलूप नाही हं तुटलं, कोयंडा तुटला."

कपाटाला भोक पाडल्याचे वायरमनचे दोनशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.