रांगेच्या टोकाची धार

व्हेल्डा राश आमच्या रांगेत कुणालाच आवडायची नाही. तिलाही आमच्यातलं कुणी आवडत नसे, तेव्हा फिटंफाट होती.

विलिस्टन गावाच्या उत्तरेला हॅम्रे नावाच्या शेतकऱ्याचं आवार आहे. तेलाच्या विहिरींवर माणसं यायला लागली तेव्हा त्याने गव्हाच्या शेताचा एक तुकडा सपाट केला, विजेचे खांब रोवले, पाण्याचा पाइप पुरला आणि कॅम्पर ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, उभी करायला जागा भाड्याने द्यायला लागला. पाइप त्याने कंबरेइतका खोल टाकला. इथे जमीन त्याच्या कितीतरी खाली गोठते. मी आयुष्यभर पाइप जोडले. असलं काम मी स्वतःचं म्हणून कुणाला दाखवलं नसतं.

त्या पाइपवर आमची ट्रेलरांची सगळी रांग. टोकाला व्हेल्डा. पाइपातलं पाणी हलतं राहिलं तरच गोठत नाही, म्हणून थंडीभर टोकाच्या ट्रेलरने आपला नळ दिवसरात्र चालू ठेवायचा, असा आमच्याकडे रिवाज. थेंब थेंब नाही. नवखे थेंब सोडतात. थेंब सांडपाण्याच्या पाइपात जागच्या जागी गोठतो, त्यावर दुसरा चढतो, आणि शेवटी पाइप बर्फाने ठासून भरतो. धार सोडायची, पेन्सिलीएवढी, आणि पाइपाला चांगला उतार द्यायचा. व्हेल्डा हे सात हिवाळे करत होती. तिचे आभार कुणी मानले नाहीत. तिने मानून घेतलेही नसते.

ती ट्रक धुवायच्या केंद्रावर कामाला होती. टँकरच्या पोटाला गोठलेला चिखल गरम पाण्याच्या फवाऱ्याने सोडवायचा. बूट कधी पुरते वाळायचे नाहीत. नवरा होता. त्याने दोन हिवाळे ट्रेलरमध्ये काढले आणि ॲरिझोनाला निघून गेला.

"ऊब पाहिजे होती त्याला," ती म्हणायची. "मिळाली. आता शिज म्हणावं तिथं."

ऑक्टोबरात, बोटं अजून वळत असतात तोवर, ती ट्रेलरखालची मोकळी जागा चारी बाजूंनी जाड फोमच्या तक्त्यांनी बंद करायची. प्रत्येक सांध्यावर पट्टी. खिडक्यांना आतून प्लास्टिक. जमिनीतल्या नळापासून ट्रेलरपर्यंत येणाऱ्या पाण्याच्या नळीला विजेवर गरम होणारी वायर, तीही वेटोळी घालून नाही, सरळ, कारण वायरवर वायर आली की जळते. मी तिच्या कामात खोट काढायचा प्रयत्न केला होता. सापडली नाही.

तिच्या शेजारी डेल्मर प्रूट. दक्षिणेकडचा, ओक्लाहोमाचा, इथला तिसराच हिवाळा. त्याने ट्रेलरभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचले होते. तेवढं पुरतं असं त्याला वाटे. गठ्ठ्यांमध्ये हात जाईल एवढ्या फटी, आत उंदीर.

"काय रे डेल्मर," व्हेल्डा जाता-येता विचारायची, "घोडा कधी आणतोयस?"

"कशाला? शेजारी आहे की एक घोडी. लाथा पण मारते."

हे रोजचं होतं. त्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट आली. डेल्मरचा मेहुणा कामाला आला होता आणि जागा नसल्यामुळे पिकअप ट्रकमध्ये झोपत होता. डेल्मरला त्याच्यासाठी व्हेल्डाची जागा हवी होती. तसं तो हॅम्रेला बोललाही होता.

हॅम्रेचा नियम एकच. ज्याची नळी गोठून फुटेल त्याने जागा खाली करायची. एकदा फुटलेल्या नळीचं पाणी रस्त्यावर गोठलं, त्यावरून ट्रक घसरला आणि विजेचा खांब घेऊन गेला, तेव्हापासूनचा हा नियम. जानेवारीत जागा सोडणं म्हणजे ट्रेलर सोडणंच. टायर जमिनीला गोठलेले, दुसरीकडे जागा नाही, आणि त्या थंडीत ओढून नेलं तर आतले पाइप तडकतात. व्हेल्डाकडे ट्रेलरशिवाय काही नव्हतं.

उणे तीसचा दिवस होता, त्यात वारा. सकाळी मी दारापुढचा बर्फ उपसत होतो. व्हेल्डा कामावर निघाली, थांबली, नळीवर हात ठेवून वाकली.

"म्हाताऱ्या, इकडे ये. हात लाव."

लावला. वायर थंडगार. नळी कडक होत चालली होती.

"आतली धार बारीक झालीये," ती म्हणाली. "आता खांब बघ."

खांबावरचा तिच्या वायरीचा खटका खाली होता. लोड वाढून आपोआप पडलेला खटका मधोमध अडकतो. हा पार तळाला टेकला होता. तसा तो फक्त हाताने जातो. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला आणि स्थिर झाला.

"वर कर की," मी म्हणालो.

"करते. पण ती तापायच्या आत नळी फुटेल. आणि हॅम्रे नाश्ता उरकून फेरीला निघाला असेल."

तिने जमिनीतून येणारा नळ बंद केला, नळी दोन्ही टोकांना सोडवली आणि काठीसारखी ताठ झालेली ती नळी दारातून आत ढकलायला लागली. मी मागून धरली. मदत म्हणून नाही. अर्धवट काम बघवत नाही.

"आणि रांगेच्या धारेचं काय?"

"ज्यानं खटका पाडला त्याला विचार."

मी घरी गेलो आणि होती नव्हती ती सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली.

हॅम्रे हातात कॉफी घेऊन आला. व्हेल्डाच्या ट्रेलरपुढे थांबला.

"नळी कुठंय?"

"आंघोळ करतेय."

"काय?"

"टबात आहे. गरम पाण्यात. बघायचीय? बूट काढून ये."

तिने त्याला खटकाही दाखवला. हॅम्रे म्हणाला, वाऱ्याने पडला असेल.

"वाऱ्याला बोटं असतात?"

हॅम्रेने माझ्याकडे पाहिलं. हाताने पाडलाय, असं मी सांगितलं. तो पुढे गेला. डेल्मरबरोबर तो शनिवारी बर्फात भोक पाडून मासे धरायला जायचा.

दुपारपर्यंत टोकाकडून पाइप गोठत आला. पाणी थांबलं आणि पहिली नळी फुटली ती डेल्मरची. पेंढ्याखाली नुसतीच टाकलेली, वायर अर्ध्यापर्यंतच लावलेली. मागून पाइपातलं उरलंसुरलं पाणी आलं ते गठ्ठ्यांमधून रस्त्यावर पसरलं आणि तिथंच काच होऊन बसलं.

हॅम्रेने वाफेचं यंत्र आणलं. ते मी चालवलं, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सुटलं. सगळी रांग बादल्या घेऊन जमली होती.

"व्हेल्डा, नळी लाव आणि धार सोड," हॅम्रे म्हणाला.

"नियम काय आहे?"

"डेल्मरचं नंतर बघू."

"मग धारेचंही नंतर बघू."

"अगं, सकाळपर्यंत परत गोठेल सगळं!"

"गोठू दे. माझी आतली टाकी भरलेली आहे."

लोक तिला नाही नाही ते बोलले. ती पायरीवर उभी राहून डब्यातली राजमा-खिम्याची गरम चिली खात होती. शेवटी डेल्मर पुढे आला. टोपी काढली. त्या थंडीत टोपी काढणं सोपं नाही.

"व्हेल्डा, माझी चूक झाली. मेहुणा गाडीत झोपतो गं."

"ठाऊक आहे मला. आता दोघं झोपा."

हॅम्रेने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या बादल्यांकडे.

"डेल्मर," तो म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत."

त्या रात्रीपुरती रांगेच्या टोकाला मी एक तोटी लावून बादलीत धार सोडली आणि बादल्या उपसत बसलो. व्हेल्डाने ते खिडकीतून पाहिलं.

सकाळी डेल्मर, मेहुणा आणि मी टायरभोवतीचा बर्फ पहारीने फोडला. मेहुणा कामाला चांगला होता. डेल्मर दर दहा घावांनी थांबायचा. एका टायरचं रबर जमिनीलाच चिकटून राहिलं. ट्रेलर ओढला तेव्हा आतून काहीतरी तडकल्याचा आवाज आला. डेल्मरने तो ऐकला. मागे वळून बघितलं नाही.

व्हेल्डा कामावर गेली नव्हती. हातात कप घेऊन उभी होती.

"गठ्ठे घेऊन जा," ती म्हणाली. "उंदीर पण."

ट्रेलर फाट्यावरून दक्षिणेला वळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग कप बर्फावर रिकामा केला, नळी बाहेर आणली, जोडली, खटका वर केला आणि आत गेली.

मी माझी तोटी काढायच्या आधी तिच्या सांडपाण्याच्या पाइपाला कान लावला. धार पेन्सिलीएवढीच होती.